घटनेवर आपली सही आहे काय?

(लालबाग येथे आमच्या गावच्या मुंबईकर मंडळाच्या वार्षिक सभेत संविधान दिनानिमित्त केलेले भाषण)



घाटावरच्या एका लहान गावच्या शाळामास्तरास लालबागेत बोलावून राज्यघटनेवर बोलावयास सांगणे, हे मोटकऱ्यास समुद्राची खोली विचारण्यासारखे आहे. आम्ही वकील नाही, पुढारी नाही. ट्रेनिंग कॉलेजातून पाटी-पुस्तकाची विद्या घेऊन बाहेर पडलो आणि वीस वर्षे पोरांना बाराखडी शिकवीत आहो. तरी मंडळाची आज्ञा मोडवत नाही, म्हणून उभे राहिलो. फार मोठ्या गोष्टी सांगण्याचा आमचा अधिकार नाही. एकच प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो आणि त्याचाच पाठपुरावा करतो.

प्रश्न असा. घटनेच्या आरंभी ‘आम्ही भारताचे लोक’ असे शब्द आहेत. तुमच्या पोरांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ते छापलेले आहेत. म्हणजे कागद आपल्या नावाने झाला. पण ज्या कागदावर आपले नाव आहे, त्यावर आपली सही आहे काय? आपणांस विचारून तो झाला काय? की शिकल्यासवरल्यांनी लिहिला आणि आपण खाली अंगठा उठविला?

कोणी म्हणेल, मास्तर, इतक्या वर्षांनी हा प्रश्न कशाला उकरून काढता? याचे कारण सांगतो. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविण्याने आपल्या समाजाचे जेवढे नुकसान झाले, तेवढे दुष्काळानेही झाले नाही. सावकाराच्या रोख्यात काय लिहिले आहे हे कुळास ठाऊक नसे. ठाऊक होई ते जमीन गेल्यावर. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले, तेव्हा त्यांचा राग माणसांवर फारसा नव्हता, कागदांवर होता. त्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे बाहेर काढले आणि जाळले. कागद वाचता येत नव्हता म्हणून जाळावा लागला. तेव्हा कागद कोणी लिहिला, कोणी वाचला आणि कोणी मान्य केला, हे विचारणे आपल्या लोकांस शोभते आणि विचारलेच पाहिजे.

आता ज्या देशात घटना लिहून ती लोकांपुढे मंजुरीसाठी ठेवण्याची चाल पडली, त्या अमेरिकेकडे क्षणभर जाऊन येऊ. १७८७ च्या सप्टेंबरात तिकडची घटना लिहून पुरी झाली. तेथे तेरा संस्थाने होती. ठरले असे की, प्रत्येक संस्थानात यासाठीच निवडलेली सभा भरावी, तीत घटनेवर वाद व्हावा, आणि तेरापैकी नऊ सभांनी मान्य केली तरच ती लागू व्हावी. हा वाद काही पोटापुरता नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये १७८८ च्या फेब्रुवारीत १८७ विरुद्ध १६८ मतांनी ती कशीबशी पार पडली. न्यूयॉर्कात ३० विरुद्ध २७. ऱ्होड आयलंड नावाचे चिमुकले संस्थान तर १७९० पर्यंत अडून बसले होते.

मॅसॅच्युसेट्सच्या त्या सभेतील दोन सभासदांची गोष्ट आपण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एकाचे नाव एमॉस सिंगलटरी. हा खेड्यातला माणूस घटनेच्या विरुद्ध उभा राहिला. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, हे वकील, हे विद्वान आणि हे पैसेवाले लोक गोड गोड बोलून आम्हां गरीब अडाण्यांच्या गळी ही गोळी उतरवू पाहात आहेत. उद्या हेच मोठ्या सभेत जाऊन बसतील, सत्ता आणि पैसा हातात घेतील आणि आम्हां लहानांस गिळून टाकतील. बंधूंनो, शेटजी-भटजी हा शब्द त्या देशात नसेल, पण दुखणे तेच होते!

त्याला उत्तर द्यावयास वकील उठला नाही, दुसरा शेतकरीच उठला. त्याचे नाव जोनाथन स्मिथ. तो म्हणाला, मी नांगरावर पोट भरणारा साधा माणूस आहे. बेबंदशाहीत काय हाल होतात ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. ही घटना हाती आली तेव्हा मी ती पुन्हा पुन्हा वाचली. कोणा वकिलाकडे मत मागावयास गेलो नाही. आमच्या गावात वकील नाही आणि त्यावाचून आमचे अडतही नाही. वाचून मला ती बरी वाटली, म्हणून मी मान्य करतो.

या दोघांत खरा कोण? आमच्या मते दोघेही खरे. सिंगलटरीने संशय घेतला, कारण लहानांना गिळण्याचा मोठ्यांचा स्वभाव त्याला ठाऊक होता. स्मिथने मान्यता दिली, पण ती स्वतः वाचून दिली. ज्यांनी विरोध केला तेही फुकट गेले नाहीत. लोकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही, ही त्यांची मोठी तक्रार होती. ती इतकी लावून धरली गेली की १७९१ साली दहा दुरुस्त्या घटनेस जोडाव्या लागल्या. हरलेल्या पक्षाने अशी मोलाची भर घातली. मात्र त्या मंजुरीचे फार कौतुकही नको. त्या वादात बायकांना जागा नव्हती. आणि गुलामांना जागा तर नव्हतीच, उलट मालकाच्या संस्थानाचे सभासद मोजताना पाच गुलामांची तीन माणसे धरली जात. मंजुरी घेतली खरी, पण ‘लोक’ म्हणजे कोण हे मालकांनी ठरविले.

आता आपल्या घराकडे येऊ. आपली घटनासमिती १९४६ साली निवडली गेली, पण ती तुमच्या-आमच्या वाडवडिलांनी निवडली नाही. प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडली. आणि ती विधिमंडळे ज्या मतांवर निवडून आली होती ती मते कर भरणाऱ्यांची, मालमत्ता असणाऱ्यांची आणि शिकलेल्यांची होती. दहा प्रौढ माणसांत धड तिघांनाही मत नव्हते. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या माणसास १९४६ साली मुंबईच्या विधिमंडळातून वाट मिळाली नाही. बंगालने त्यांना पाठविले. फाळणीने ती जागा गेल्यावर १९४७ च्या जुलैत मुंबईतून त्यांची निवड झाली. आपल्या चळवळीतून पुढे आलेले केशवराव जेधे मुंबई प्रांतातून तेथे होते, वऱ्हाडातून पंजाबराव देशमुख होते. परंतु गिरणीच्या साच्यावरचा कामगार आणि बांधावरचा कुणबी यांना कोणी विचारावयास आले नाही.

मराठवाड्याची गोष्ट तर याहून चमत्कारिक. हैदराबाद संस्थानातून निवडून गेलेला एकही सभासद त्या समितीत नव्हता. संस्थानांनी घटना मान्य करावयाची ती त्यांच्या राजप्रमुखांच्या जाहीरनाम्याने, असे ठरले. त्याप्रमाणे १९४९ च्या नोव्हेंबरात निजामाने फर्मान काढून ती मान्य केली. ज्यांच्या जाचातून लोक वर्षापूर्वी सुटले, त्यांच्याच सहीने त्या लोकांची मंजुरी नोंदली गेली!

हे व्यंग कोणाच्या ध्यानात आले नाही असे नाही. १९४८ च्या ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी मसुदा सभागृहापुढे ठेवला. मसुदा तत्पूर्वी आठ महिने लोकांपुढे होता. तेव्हा मौलाना हसरत मोहानी यांनी, नवी घटनासमिती निवडून येईपर्यंत हे काम थांबवा, अशी सूचना आणली. संयुक्त प्रांताचे दामोदर स्वरूप सेठ यांचे म्हणणे असे की, ही सभा सर्व प्रौढांच्या मतांनी निवडलेली नाही. तशी निवडा आणि मग घटना करा. सभागृहाने ते मानले नाही. काम पुढे चालले. ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतील २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी सभेने घटना स्वीकारली आणि २४ जानेवारी १९५० रोजी २८४ सभासदांनी तिच्यावर सह्या केल्या. त्यानंतर ती गावोगाव मंजुरीसाठी गेली नाही.

तेव्हा आमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर हे की, नाही. त्या कागदावर आपली सही नाही. सेठांचा आक्षेप खोटा नव्हता. पण एवढ्यावर थांबून जो कोणी, ‘मग ही घटना आपली नव्हेच’ असे तुम्हांस सांगेल, त्याचे पुढचे ऐकू नका. कारण अर्धे उत्तर अजून राहिले आहे.

ज्या सभेस सर्वांनी निवडले नव्हते, त्या सभेने सर्वांना मत दिले. एका झटक्यात दिले. शिक्षणाची अट नाही, कराची नाही, जातीची नाही, बाई-पुरुष हा भेद नाही. तुरळक इंग्रजी शिकलेल्यांच्या देशात, जेथे १९५१ साली शंभरांत अठरांनाच लिहितावाचता येत होते, तेथे हे केले. घटना पुरी होण्याच्या आधीच, १९४८ पासून, मतदारांच्या याद्या करण्यास सुरुवात झाली होती. यादी करणारे दारोदार गेले तेव्हा काय झाले, तेही ऐका. लाखो बायकांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हट्ट धरला की, नाव सांगितल्यावाचून मतदार नाही. अखेर सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गेली. त्या बायांचे त्या वेळी नुकसान झाले हे खरे. पण सरकारी वहीने आमच्या आयाबहिणींना ‘तुझे स्वतःचे नाव काय?’ असे विचारावे, हे पूर्वी कधी घडले होते?

मग १९५१ च्या ऑक्टोबरपासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत निवडणूक झाली. सतरा कोटींवर मतदार होते. चित्रांच्या पेट्या होत्या, म्हणून अक्षरशत्रूलाही मत देता आले. आमच्या मते घटनेची पहिली खरी मंजुरी ती होय. आणि सिंगलटरीला जी भीती होती, की घटना करणारेच उद्या गाद्यांवर बसतील, तिला या मुंबईने काय उत्तर दिले पाहा. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब मुंबई शहर उत्तर या मतदारसंघातून उभे राहिले आणि काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांच्याकडून पडले. ज्यांनी दौत-लेखणी चालविली त्यांनाही घटनेने खास खुर्ची राखून ठेवली नाही. त्या निकालाचे दुःख आम्हांस आहे. परंतु हा कागद सावकाराचा रोखा नव्हे, याचा यापेक्षा चोख पुरावा आम्हांस सापडत नाही.

पण एकदा मत दिले म्हणजे मंजुरी संपली काय? येथे आम्ही आमच्या धंद्याची, म्हणजे शाळेची गोष्ट सांगतो. कारण घटनेतले तेवढे एक कलम आमच्या अंगाला चिकटलेले आहे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे मागणी केली की, बहुजनांच्या पोरांना निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू करून दाखविले. तेव्हा घटनेत हे कलम येणे हे आपल्या लोकांच्या पिढीजात मागणीचे फळ होते. मसुद्याच्या ३६ व्या कलमाचा आरंभ असा होता की, प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे. आणि दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना ते देण्याची सरकारने खटपट करावी.

२३ नोव्हेंबर १९४८ रोजी हे कलम सभेपुढे आले. बंगालचे लक्ष्मीकांत मैत्र यांनी दुरुस्ती आणली की, हे कलम मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे, तेथे ‘हक्क’ हा शब्द बसत नाही, तो काढावा. दुरुस्ती मान्य झाली. हक्क गेला, खटपट राहिली! मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे ज्यांसाठी कोर्टात जाता येत नाही अशी वचने. मुंबईत अर्थशास्त्र शिकविलेले प्राध्यापक के. टी. शहा यांनी या वचनांस, पेढीला सवड होईल तेव्हा वटणाऱ्या चेकची उपमा दिली होती. ती किती खरी ठरली ते तुम्हीच पाहा.

मात्र त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. नझीरुद्दीन अहमद या सभासदांचे म्हणणे होते की, हे कलम प्राथमिक शिक्षणापुरतेच असावे. बाबासाहेबांनी ते मानले नाही. त्यांचे कारण असे की, चौदा वर्षांखालील मुलास कामावर लावू नये असे आपण दुसऱ्या कलमात म्हटले आहे. मग ते पोर कामावर नसेल तर शाळेत असावयास नको काय? बंधुभगिनींनो, हे कारण लालबागेस कळावयास वेळ लागू नये. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांच्या पोराला गिरणीत घ्यावयास मुभा होती आणि दिवसाला नऊ तास राबविण्यास परवानगी होती. ज्या पोराच्या हातात पाटी हवी, त्याच्या हातात तुटलेले सूत होते. चौदा हा आकडा घटनेत टिकला तो त्या पोरासाठी.

पुढे काय झाले? दहा वर्षांची मुदत १९६० साली संपली. चेक वटला नाही. लोकांनी मागणी सोडली नाही. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा जगण्याच्या हक्कातच येतो. २००२ साली ८६ वी दुरुस्ती होऊन सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी २१ क हे कलम मूलभूत हक्कांत आले, आणि त्याखालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. १९४८ साली खोडलेला ‘हक्क’ हा शब्द चौपन्न वर्षांनी परत लिहावा लागला. सांगा, हा शब्द कोणी परत आणला? जे सह्या करून गेले त्यांनी नव्हे. ज्यांची सही नव्हती, त्यांच्या पोरांनी आणि त्यांच्या बाजूने झगडणाऱ्यांनी आणला. जो कागद वाचतो आणि त्यातले वचन मागत राहतो, त्याचीच मंजुरी खरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि ही गोष्ट याच भागाने देशाला शिकविली आहे. १८८४ च्या सप्टेंबरात परळ भागात, सुपारीबागेत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि फॅक्टरी कमिशनकडे देण्याचा अर्ज तयार केला. आठवड्यास एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत पगार. त्यावर साडेपाच हजार कामगारांनी आपली नावे घातली. त्यांतील बहुतेकांस लिहिता येत नसेल. परंतु सुट्टी म्हणजे काय आणि विसावा म्हणजे काय हे त्यांच्या पाठीला कळत होते. रोख्यावरचा अंगठा आणि या अर्जावरचा अंगठा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळाली. आज रविवारी आपण ही सभा भरविली, ती त्या अर्जाच्या पुण्याईवर!

आता गावाकडची हकीकत सांगून संपवितो. तुमच्या-आमच्या गावच्या शाळेचा पट आज अकरा आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार आपल्या राज्यात २०२३ साली निघाला, आणि तेव्हापासून गावातल्या आयांच्या मनात धाकधूक आहे. त्यांचे म्हणणे साधे आहे. मोठा मुलगा चालत जाईल, पण सहा वर्षांच्या पोरीला ओढ्यापलीकडे रोज कोण पोचविणार? ती घरी बसेल. घरी बसली की धाकट्याला सांभाळील आणि तिची शाळा तेथेच संपेल.

कोणी म्हणेल, अकरा पोरांसाठी शाळा कशाला? मोठ्या शाळेत ग्रंथालय मिळेल, खेळाचे मैदान मिळेल, चार मास्तर मिळतील. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, आणि आम्ही नोकरीच्या लोभाने बोलत नाही. आमची बदली कोठेही होईल. पण कायदा काय म्हणतो ते आधी वाचा. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे आपल्या राज्याचे नियम सांगतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि समितीत निम्म्या बाया असाव्यात, असे कायदा सांगतो. म्हणजे शाळेचे काय करावयाचे हे विचारताना त्या आयांना विचारले पाहिजे. मेहेरबानी म्हणून नव्हे. कायद्याने त्यांचा तो अधिकार आहे.

खेड्याविषयी बाबासाहेबांचे मत कडक होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे डबके आहे, असे त्यांनी त्याच ४ नोव्हेंबरच्या भाषणात सुचविले, आणि पुष्कळ सभासदांस ते झोंबले. पुढे पंचायतींचे कलम आले, आणि १९९३ पासून ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत जागा मिळाली. पण बाबासाहेब खोटे होते हे सिद्ध करण्याचे काम कलमाने होत नाही, ते गावाने करावयाचे असते. ज्या ग्रामसभेत बाया बोलत नाहीत आणि खालच्या आळीची माणसे दाराशी उभी राहतात, ती ग्रामसभा बाबासाहेबांचेच म्हणणे खरे करते.

तेव्हा या सभेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, घटनेची मराठी प्रत मंडळाने विकत घ्यावी आणि दर महिन्याच्या बैठकीत एकेक कलम मोठ्याने वाचावे. वाचणारा पोरगा-पोरगी शाळेतली असावी आणि ऐकणारे आपण. दुसरी, प्रत्येकाने आपल्या घरातील बायकांची व नव्याने आलेल्या सुनांची नावे मतदार यादीत आहेत की नाहीत ते पाहावे. तिसरी, जत्रेला गावी याल तेव्हा नुसता नारळ फोडून परतू नका. ग्रामसभेत मत द्यावयाचा अधिकार गावच्या मतदारांचा आहे, पण बोलावयास तुम्हांला कोणी अडविणार नाही. शाळेचा ठराव आयांच्या तोंडून मांडला जाईल आणि तो वहीत नीट लिहिला जाईल, एवढे पाहा. ठराव वाचून दाखविल्याशिवाय कोणीही त्याखाली सही करू नये आणि अंगठाही देऊ नये.

या तीन सूचना सभेने चर्चेस घ्याव्यात, ज्यांस पटत नसतील त्यांनी मोकळेपणाने विरोध करावा, आणि मग बहुमताने काय ते ठरवावे, अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून आम्ही खाली बसतो.